खलनायकाचं गाऱ्हाणं

सिनेमातला खलनायक नायकापेक्षा चांगलं बोलतो, हे हरिहर सरांनी शास्त्राधारे सिद्ध केलं होतं. त्या वर्षी एका तस्कराच्या संवादांची कॅसेट रत्नागिरीत बारशापासून पूजेपर्यंत कर्ण्यावर वाजत होती. सरांनी ती कॉलेजात लावून अलंकार शिकवले: उत्तर आपणच द्यायचं असा प्रश्न, पायरीपायरीने चढणारं वाक्य, टोमणा पोटात घेतलेली स्तुती, आणि नेमक्या जागी थांबणं. पहिल्या बाकावर महिपत बसायचा, सरांच्याच गावचा. पुढे त्याने कॉलेज सोडलं. अलंकार सोडले नाहीत.

आता महिपतची हापूसची बाग होती, आणि बागेतून विहिरीवर उतरणारी गावाची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, त्याच्या डोळ्यांत खुपत होती. चिरे टाकून त्याने ती अडवलीही होती. वर पक्का गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घालायला गावकीचा होकार तेवढा हवा होता. वरच्या वाडीला, सरांच्या घरासकट, पाण्याला दुसरी वाट म्हणजे अख्ख्या डोंगराला वळसा.

देवळात गावकी बसली. महिपतने देवापुढे नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं, म्हणजे देवाकडे गावातर्फे मागणं, घालायला उभा राहिला. गाऱ्हाण्याची रीत अशी, की घालणारा थांबला की जमलेल्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं. तो काय बोलला ते ऐकायचं, अशी काही रीत नाही.

"बा देवा, वाट कुणाची? गावाची. गाव कुणाचा? तुझा. मग तुझ्या वाटेची राखण माझ्या गडग्याने केली, तर ती तुझीच सेवा."

महिपत थांबला. त्या तस्कराइतकाच.

"होय म्हाराजा."

"आमचे सर एवढे विद्वान. असल्या माणसाला वळशाचं काय जड?"

"होय म्हाराजा."

सरांची कानशिलं तापली. ते उठले आणि म्हणाले, की हे गाऱ्हाणं नव्हे, कॅसेट आहे. मग त्यांनी एकेक अलंकार सोलून दाखवला. ही कारणमाला, ही व्याजस्तुती, हा थांबा तुमच्या तोंडून होकार काढायला.

गाव थक्क झालं. बाबू गुरव म्हणाला, "सर, ती चढत जाते ती कुठची म्हणालात? महिपता, तेवढं परत घाल बघू."

महिपतने परत घातलं. या खेपेला होकार जाणकारीने आला. सरांना जन्मात इतका एकाग्र वर्ग मिळाला नव्हता, आणि या वर्गाच्या एकेकाच्या थोबाडीत द्यावी असं वाटत होतं.

तेवढ्यात त्यांची बायको कुसुम देवळाच्या पायरीशी आली. चिऱ्यांपाशी अडून ती तशीच परतली होती. कमरेवर हंडा रिकामा. तिने कुठलाही अलंकार वापरला नाही.

"उद्या पाणी कुठून आणू?"

"होय म्हाराजा," मागून कुणीतरी सवयीने म्हणालं.

कुणी हसलं नाही. कुसुमने वळून त्या दिशेला पाहिलं, मग हंडा देवळाच्या मधोमध आणून ठेवला.

"होय म्हणालात ना? मग भरून आणा."

ज्याने म्हटलं होतं तो खांबाआड सरकला. महिपत सावरून पुढे झाला. "काकू, हंडा रिकामा आहे. पण देवाचं घर भरलेलं आहे."

आणि तो थांबला, नेमक्या जागी.

होकार आला नाही. महिपत थांबलेलाच राहिला. मग ज्या दोघांनी त्याच्यासाठी वाटेत चिरे टाकले होते, तेच मुंडासं बांधत उठले आणि ते हलवायला पाखाडीकडे निघाले.