बाहेरून लावलेली कडी

कडी दाराच्या बाहेरच्या बाजूला होती. जमिनीपासून सव्वाचार फुटांवर, वीतभर लांबीची, चार स्क्रूंनी बसवलेली. तीन स्क्रू पितळी होते. चौथा लोखंडी होता, आणि त्याच्या गंजाचा तपकिरी ओघळ दारावर बोटभर खाली उतरला होता.

"छोटे, घर आवरायला आलीयस की तुझ्या त्या प्रयोगशाळेत उभी आहेस?" दादा स्वयंपाकघरातून ओरडला. "उद्या किल्ली द्यायचीय. त्या कडीकडे काय टक लावून बघतेस!"

धाकटीनं कडीवरून नजर हटवली नाही. तिचं सगळं आयुष्य पाण्याचे नमुने तपासण्यात गेलं होतं; रंग, वास, गाळ यांची नोंद करायची तिच्या डोळ्यांना सवय होती. पण ही कडी तिनं सव्वीस वर्षं बघायची टाळली होती. आई जाऊन दीड महिना झाला, घर विकलं गेलं, कपाटं रिकामी झाली. ही मागची खोली मात्र दोघांनीही शेवटी ठेवली होती.

ती खोली ताईची.

ताई म्हणजे तिघांतली थोरली. तिला मनाचा आजार जडला तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. ती रात्ररात्र जागायची, नसलेल्या माणसांशी बोलायची. मग एके दिवशी तिला लांबच्या मनोरुग्णालयात नेलं आणि घरात एक नवा शब्द रुजला. कुणी विचारलं की आई म्हणायची, "थोरली बाहेरगावी असते." हळूहळू विचारणारेही थांबले. नोकरीच्या अर्जात, मुलीच्या शाळेत, चार बायकांत धाकटी सांगू लागली, "आम्ही दोघं भावंडं."

तिनं कडी काढून दार ढकललं. भिंतीत कपाट, त्याच्यासमोर पलंग. गादीवर चादर होती, धुतलेली, कोपरे नीट खोचलेले. पलीकडच्या खोलीत आईच्या स्वतःच्या उशीला दोन वर्षं अभ्रा नव्हता, आणि इथं चादर धुतलेली! धाकटीनं कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता, आणि डब्यात पत्रं.

रुग्णालयाची चौदा पत्रं. दर वर्षी एक. मजकूर जवळजवळ सारखाच. 'आपला रुग्ण आता बरा असून औषधोपचार चालू ठेवून घरी राहू शकतो. नातेवाइकांनी कृपया संपर्क साधावा.' प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात आईच्या अक्षरात पेन्सिलीनं दोनच शब्द होते: पुढच्या वर्षी. पहिल्या पत्रावरचं अक्षर ठसठशीत होतं. चौदाव्यावर 'वर्षी'चा शेवट कागदाबाहेर घसरला होता.

धाकटी पलंगाच्या काठावर बसली.

तेवढ्यात बाहेरून खाकरण्याचा आवाज आला. "आहे का कुणी घरात?" सुतारकाका होते. भिंतीतलं कपाट सोडवायला दादानं त्यांना बोलावलं होतं. सत्तरी उलटलेली, हाताला किंचित कंप, पण हत्यारांची पिशवी अजून स्वतःच उचलायचे. दाराशी येऊन ते थबकले. कडीवरून त्यांनी बोट फिरवलं.

"ही मीच बसवली होती," ते म्हणाले.

"आठवतंय तुम्हाला?" धाकटीनं विचारलं.

"न आठवायला काय झालं! आयुष्यात हजार कड्या बसवल्या असतील. बाहेरून बसवलेली ही एकच." ते उंबऱ्यावर टेकले. "तुमची थोरली इथंच उभी होती. माझं काम निरखत होती. म्हणाली, 'काका, चुकताय तुम्ही. कडी आतल्या बाजूला असते.' मला हसू आलं. मी तुमच्या आईकडे बघितलं, तर त्या म्हणाल्या, 'तुम्ही लावा.' मी लावली. चौथा स्क्रू शोधतोय तर सापडेना. थोरलीनं तो मुठीत गच्च धरला होता. 'हा नाही द्यायची,' म्हणाली. मग मी पिशवीतला लोखंडी मारला."

दादा दारात येऊन उभा राहिला होता. "काका, जुनं कशाला उकरताय? कपाटाचं बघा ना."

"बघतो की. कपाट कुठं पळून जातंय?" काका जागचे हलले नाहीत. "कशी आहे ती?"

"बरी आहे," धाकटी म्हणाली. तिनं पत्रांचा गठ्ठा दादापुढे धरला. "चौदा वर्षांपासून बरी आहे."

दादानं दोन पत्रं चाळली आणि मान फिरवली. "अगं, ती तिथं रुळलीय आता. या वयात तिला हलवायचं? तिला तिथंच बरं वाटत असेल."

"विचारलंत?" काका म्हणाले.

"काय?"

"तिला. तिथं बरं वाटतं का, असं."

दादा चिडूनच म्हणाला, "काका, सांगणं सोपं असतं. शेजारीपाजारी काय म्हणतील? परत आजार उलटला तर?"

"तीन वर्षांपूर्वी माझं हृदय बंद पडता पडता राहिलं," काका शांतपणे म्हणाले. "दवाखान्यातून आलो तेव्हा अख्खी गल्ली भेटायला लोटली होती. आजही रोज गोळ्या घेतो. उद्या परत दुखलं तर परत दवाखान्यात नेतील आणि परत घरी आणतील. आजार उलटेल म्हणून मला कुणी तिथंच ठेवून आलं नाही. छातीचा आजार झालेला माणूस घरी येतो, मग डोक्याचा आजार झालेला का येत नाही, साहेब? मी अडाणी माणूस. एवढं मला समजावून द्या."

दादा कितीतरी वेळ हातातल्या पत्राच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत राहिला.

धाकटीला ती दुपार आठवली. तिच्या होणाऱ्या सासरची माणसं बाहेरच्या खोलीत चहा पीत बसली होती. नवी कडी लावलेली होती. आणि आतून दारावर टकटक झाली, हलकेच, बोटाच्या पेरानं, एखाद्या पाहुण्यानं करावी तशी. "कसला आवाज?" सासूबाईंनी विचारलं. आई पांढरीफटक पडली. आणि उत्तर दिलं ते धाकटीनंच.

"मांजर असेल," ती म्हणाली होती.

टकटक लगेच थांबली. ताईनं ते ऐकलं होतं!

"कडी माझ्यासाठी लागली होती, काका," ती म्हणाली. "माझं लग्न जमावं म्हणून. आणि लग्नानंतर पाचव्या वर्षी नवऱ्याला सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, 'मग घेऊन ये की तिला.' एवढंच. त्याच्याकडून कधीच आडकाठी नव्हती. आईचं नाव पुढे करत मीच थांबले होते. सात महिन्यांपूर्वी तिथल्या समाजसेविकेचा मला फोन आला. मी म्हणाले, कळवते."

"मग?"

"आईचं 'पुढच्या वर्षी' आणि माझं 'कळवते'. फरक काय?"

आजार माणसाला गाठतो आणि उपचारांनी आटोक्यात येतो. पण आपण घरच्याघरी जी लाज पाळतो, तिच्यावर कुठल्याच दवाखान्यात औषध मिळत नाही. ते आपलं आपल्यालाच घ्यावं लागतं. बरी झालेली कितीतरी माणसं केवळ कुणी न्यायला येत नाही म्हणून दाराकडे डोळे लावून बसलेली असतात. वाचकहो, आपल्याही नात्यात असं कुणी 'बाहेरगावी' गेलेलं आहे का, हे एकदा आठवून बघा. आणि आठवलं, तर पुढच्या वर्षावर ढकलू नका.

काका उठले. त्यांनी पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला. पितळी स्क्रू निमूट निघाले. लोखंडी मात्र गंजून घट्ट बसला होता. काकांचा जोर पुरेना. तेव्हा दादा पुढे झाला. "द्या इकडे," असं पुटपुटत त्यानं दोन्ही हातांनी जोर लावला. कर्र असा आवाज झाला आणि कडी सुटून त्याच्या हातात आली. तो तिच्याकडे बघत राहिला.

"छोटे," तो म्हणाला, "ताईला आणायला मीपण येऊ?"

धाकटीनं मान डोलावली आणि समाजसेविकेला फोन लावला. पलीकडे घंटी वाजत होती. तिच्या मुलीची खोली मुलगी शिकायला गेल्यापासून रिकामीच होती. त्या खोलीचं दार तिच्या डोळ्यांसमोर आलं. समाजसेविकेनं फोन उचलला.

"सात महिन्यांपूर्वी मी तुम्हाला कळवते म्हणाले होते," धाकटी म्हणाली. "आज कळवतेय. माझी ताई तुमच्याकडे आहे, मी तिची धाकटी बहीण. आम्ही तीन भावंडं आहोत. तिला विचारा, माझ्याकडे राहायला येशील का. ती हो म्हणाली, तर परवा सकाळी आम्ही दोघं तिला घरी न्यायला येतोय. आणि तिला सांगा, तिच्या खोलीची कडी आतल्या बाजूला आहे."