टिटवीचं वळण

जरा खाली बघा. अजून खाली. गुणफलकाच्या खांबाला टेकून एक गंजका डबा उभा आहे ना, दोन बुटक्या चाकांचा? तीच मी, आणि बोलतेय तीही मीच. मैदानावर फक्की मारायची गाडी. फक्की म्हणजे ती पांढरी भुकटी. रविवार आला की तुम्ही माणसं ज्या रेघांवरून एकमेकांची गचांडी धरता, त्या रेघा माझ्या पोटातून येतात.

मी कुठल्या कारखान्यात जन्मले नाही. लोखंडी गेट आणि खिडक्यांचे गज बनवणाऱ्या एका दुकानाच्या मागच्या अंगणात, एका दुपारी मला जोडलं. जोडणारा तिथला वेल्डर, एकवीस वर्षांचा. तेलाचा रिकामा डबा, त्याच्या तळाला एक चीर, मोडक्या पलंगाच्या नळीचं हँडल आणि सायकलच्या ब्रेकची तार. तार ओढली की चीर उघडते, सोडली की मिटते. राहिली चाकं. ती त्याने घरच्या माळ्यावरून काढली, धाकट्या भावाच्या बाबागाडीची.

धाकटा तेव्हा दहा वर्षांचा. त्याने भोकाड पसरलं. "माझी चाकं आहेत ती!"

"एवढा घोडा झालास. बाबागाडीत बसणार आहेस का आता?"

"नाही. पण माझी आहेत."

वेल्डरने डोळ्यांवरचा काळा चष्मा वर केला आणि थोडा विचार केला. "बरं. मग गाडी अर्धी तुझी."

तेव्हापासून धाकटा मला 'अर्धी' म्हणायला लागला. दुसरं नाव मला कुणी कधी ठेवलं नाही.

त्या दोघांना मात्र गावच्या फुटबॉल क्लबात नावं होती. थोरल्याला सगळे फूटपट्टी म्हणत, कारण त्याला मापाचं वेड होतं. हॉटेलात गेला तर बसायच्या आधीच सांगायचा, या बाकड्याचा डावा पाय आखूड आहे. धाकटा ठिणगी. तो कशाने पेटेल ते सांगता येत नसे. सातवीत मास्तरांशी भांडून वर्गातून बाहेर पडला तो पडलाच. वडील लवकर गेलेले, आई दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक करायची. मग दादाच त्याचा बाप आणि दादाचं दुकान हीच त्याची शाळा.

माझे चांगले दिवस म्हणजे रविवारच्या सकाळी. गवतावर दव असायचं. दादा मला सामानाच्या खोलीतून काढायचा. माझ्या हँडलला शंभर फुटांची जाड दोरी गुंडाळलेली असायची, दर दहा फुटांवर लाल चिंधी बांधलेली. मैदानाच्या चार कोपऱ्यांत जमिनीत चार लोखंडी खुंट्या होत्या. ठिणगीने एका खुंटीशी दोरी धरायची, दादाने दुसरीच्या दिशेने ताणायची, आणि मग मी निघायचे. माझं डावं चाक कुईं कुईं करायचं. दादा दुकानात शंभर गेटांना तेल घालायचा, पण माझ्या त्या चाकाला कधी घातलं नाही. म्हणायचा, "ती गाते, गाऊ दे."

माणसांची एक गंमत मी तिथेच पाहिली. ताजी रेघ कुणी तुडवत नाही. दांडगट बॅकसुद्धा तिच्यावरून बायकांनी रांगोळी ओलांडावी तसा टुणकन उडी मारून जातो. तासाभराने तोच माणूस तिच्यावर लोळण घेतो आणि ओरडतो, "बॉल बाहेर होता!" रेघ नवी असली की तिचा मान आणि जुनी झाली की तिच्यावरून भांडण. मला वाटतं, घराघरांतही असंच चालत असावं.

आता वळणाचं सांगते. मी आले त्याच वर्षी, उजव्या बाजूची रेघ मारता मारता दादा एकदम थांबला. दोरीच्या बरोबर खाली टिटवीची चार अंडी होती. ना घरटं ना काही, नुसता मातीत खळगा. टिटवी डोक्यावरून घिरट्या घालत शिव्या देत होती. ठिणगी म्हणाला, "उचलून बाजूला ठेवू."

"तुला उचलून दुसऱ्याच्या घरात ठेवू का?" दादा म्हणाला. त्याने तेवढ्या भागात दोरी सोडली आणि मला आतल्या अंगाने वळवून नेलं. अंडी मैदानाबाहेर राहिली. भोवती चार विटा ठेवल्या. महिनाभर खेळाडू त्या कोपऱ्यात हळू आवाजात खेळले. पिलं निघाली आणि तुरुतुरु चालत निघूनही गेली. पुढच्या रविवारी दादाने रेघ सरळ मारली, तर सगळे त्याच्यावरच तुटून पडले. "वळण कुठंय? आमची सवय मोडलीस की!"

झालं. अकरा वर्षं आमच्या मैदानाला ते वळण राहिलं. बाहेरगावचे संघ यायचे आणि हसायचे. एकदा एकाने विचारलंच, "ही रेघ पिऊन मारता का हो?"

फूटपट्टी शांतपणे म्हणाला, "रेघ शुद्धीवर आहे. तुमच्या गोलकीपरला बघा." त्या सामन्यात त्यांच्या गोलकीपरने पाच गोल खाल्ले.

आता पुढचं सांगायला माझी चाकं अडतात. पण सांगते.

एका संध्याकाळी आखणी झाली आणि मला खोलीत नेऊन ठेवायचं काम ठिणगीचं होतं. दोस्तांनी हाक मारली आणि तो मला या खांबाशीच सोडून पळाला. थोड्या वेळाने दोघे भाऊ समोरासमोर आले. खांबाशेजारच्या प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर वीसपंचवीस माणसं बसलेली.

"एक काम सांगितलं होतं तुला. एक!"

"सकाळी ठेवतो. पळून जाणार आहे का ती?"

"एकवीस वर्षांचा झालास, अजून तुझ्यामागे मीच फिरायचं का?"

चारचौघांत बोलल्यावर ठिणगी पेटणारच. "तुझी गाडी, तूच ठेव! अर्धीबिर्धी काही नको मला. सगळीच घे!"

दादाही रागाने निघून गेला. मी तिथेच राहिले. दोघे घरी जेवले, झोपले, उठले, पण एकमेकांशी बोलले नाहीत. हे मला मागाहून कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वरच्या धरणातून पाणी सोडलं आणि नदी मैदानात आली. आवाज न करता आली. आधी कोपऱ्यातल्या झेंड्याशी चमकली, मग गोलच्या दारात, मग टिटवीच्या वळणावर. माझ्या अकरा वर्षांच्या रेघा तिने पाच मिनिटांत पुसल्या. सामानाची खोली खोलगट जागेत, तिचं दार तेव्हाच बुडालं. माझाही डबा बुडाला. फक्त हँडल वर राहिलं.

तेवढ्यात कमरेइतक्या पाण्यातून दादा आला. ठिणगी तेव्हा घरी होता, आईला वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे हलवत. दादा धापा टाकत माझ्यापाशी पोचला, हँडलवर हात ठेवला, गुंडाळलेली दोरी चाचपली आणि हसला. खरंच हसला. मला म्हणाला, "बरं झालं त्याने तुला बाहेर ठेवलं."

मग त्याने दोरी सोडवली, एक टोक या खांबाला बांधलं आणि दुसरं हातात घेऊन मैदानाच्या राखणदाराच्या खोलीकडे निघाला. खोलीच्या खिडकीतून कुणीतरी ओरडत होतं. पुढचं मी पाहिलं नाही. पाणी माझ्या हँडलवरून गेलं होतं.

किती दिवस मी गाळाखाली होते, मोजले नाहीत. उजेड दिसला तो एका फावड्यामुळे. फावडं धरणारा आमचा सेक्रेटरी, गावातला शिंपी. त्याला सगळे शिंपीकाका म्हणतात. गळ्यात नेहमीसारखा टेप, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. आजूबाजूला अख्खा क्लब लागला होता. बायका चिखलाने माखलेल्या जर्सी पिळत होत्या. कुणी गोलचे खांब सरळ करत होतं, तर कुणी कपाटातून चषक काढून त्यातला गाळ ओतत होतं. पोटभर गाळ भरलेला चषक पाहून एकजण म्हणाला, "आजवर हा पहिल्यांदाच भरला बघा." लोक हसले आणि लगेच खाली बघून कामाला लागले.

त्यांच्या बोलण्यातूनच मला समजलं. दादा दोन दिवसांनी खाली, पुलापाशी सापडला होता.

ठिणगी आठवडाभर आला नाही. आला तो तडक माझ्यासमोर. मी त्याला ओळखलं नाही, इतका वाळला होता. त्याने मला लाथ मारली. माझं एक चाक निखळलं.

"भंगारात द्या हिला! हिच्यासाठी गेला तो. मी खोलीत ठेवली असती तर आला असता का इथं?"

"असं नको रे बोलूस," शिंपीकाका म्हणाले.

"तुम्हीच म्हणालात ना घरी येऊन? सामान काढायला गेला असेल म्हणून?"

शिंपीकाका गळ्यातला टेप काढून पुन्हा गुंडाळायला लागले. ठिणगीने मला उचलून भंगाराच्या ढिगावर उलटं फेकलं. मग पाटी घेतली आणि गाळ वाहायला लागला. मी तिथून ओरडत होते, अरे ऐक, तो काय म्हणाला ते ऐक. पण गंजलेल्या डब्याला कसला आवाज?

तीन दिवस मी तशीच पडून होते, एक चाक आभाळाकडे करून. मैदान उघडायचा रविवार जवळ येत होता. शिंपीकाका शेजारच्या गावच्या क्लबाचं फक्कीचं नवं यंत्र मागून आणायच्या गोष्टी करत होते.

चौथ्या दिवशी राखणदाराची बायको आली. पुरानंतर ती, राखणदार आणि त्यांची नात होडीतून गेले ते थेट लेकीच्या गावी, इस्पितळाजवळ. राखणदाराचा ताप उतरत नव्हता. आता ती एकटी खोली धुवायला आली होती. तिने ठिणगीला पाहिलं, त्याच्या डोक्यावरची पाटी खाली ठेवायला लावली.

"तुझ्या दादाची दोरी परत द्यायची राहिली रे."

"कसली दोरी, मावशी?"

"ती लाल चिंध्यांची. एक टोक त्या खांबाला, एक आमच्या खिडकीच्या गजाला. आधी नातीला खांद्यावर घेऊन पायऱ्यांवर सोडलं. मग मला. मग ह्यांना आणायला गेला, ह्यांचा पाय अधू. पायऱ्या हाताशी आल्या होत्या आणि कुणाच्या तरी घराचं दार वाहत आलं. त्याने ह्यांना दोरीवर ढकललं. त्याला स्वतःला वेळ मिळाला नाही." तिने सगळ्यांकडे पाहिलं. "तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

कुणालाच माहीत नव्हतं. सगळ्यांना वाटलं होतं, ते तिघे आपणच पायऱ्यांवर चढले.

"तो गाडी काढायला आला होता," ठिणगी म्हणाला. आवाज लहान मुलाचा.

"डब्यासाठी जीव टाकील एवढा खुळा होता का तुझा भाऊ? दोरी हवी होती त्याला. खोली तर बुडाली होती. ती गाडी बाहेर राहिली म्हणून आम्ही आहोत."

मला वाटलं, आता तो शांत होईल. तो पेटला. "मग खोलीतच असायला हवी होती! नसती मिळाली दोरी तर नसता गेला तो!" बोलून गेला आणि मावशीकडे बघून त्याने तोंडावर हात मारून घेतला.

मावशी रागावली नाही. "दोरी नसती तरी आला असता, बाळा. तसाच पाण्यात शिरला असता. मग चौघंही गेलो असतो. तू त्याच्या हाताखाली वाढलास, तुला मी सांगायचं का हे?"

ठिणगी खांबापाशी आला आणि गुडघ्यांवर बसून हातांनी गाळ उपसायला लागला. कोपरभर खोल गेल्यावर बुंध्यापर्यंत घसरलेली गाठ लागली; पुढची दोरी पुराने तोडून नेली होती. दुहेरी फेरा देऊन खालून ओढलेली. ती गाठ दादाने जगात एकालाच शिकवली होती. त्याने ती सोडवली नाही. गाठीवर कपाळ टेकून तो जो रडला, ते फावडी चालवणाऱ्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. शिंपीकाका टेपने उगाच एक भिंत मोजत राहिले.

मग तो ढिगापाशी आला. "अर्धे," म्हणाला, "चल."

त्याने मला धुतलं, डब्याला ठिगळ जोडलं, चाक बसवलं. तेलाची बाटली हातात घेतली, डाव्या चाकाकडे पाहिलं आणि परत ठेवून दिली.

खुंट्या हातभर गाळाखाली होत्या. शिंपीकाका टेपने मोजत गेले, ठिणगी पहार खुपसत गेला. टणत्कार ऐकू आला की सगळे ओरडायचे, "सापडली!" चारही सापडल्या. रविवारी सकाळी नवी दोरी ताणली. उजव्या बाजूला अर्ध्यात आलो तेव्हा शिंपीकाका हळूच म्हणाले, "सगळंच नवं होतंय, तर रेघही सरळ घे ना. बाहेरच्यांची कटकट मिटेल."

ठिणगीने दोरी खाली सोडली. माझी तार ओढली आणि मला आत वळवलं. खाली न बघता पुढे ढकलत गेला. वळण भलतंच मोठं झालं.

"अरे, यात टिटवी काय, बदक मावेल!" शिंपीकाका डोळे पुसत म्हणाले.

"असू दे. ऐसपैस बसेल."

तर अशी मी. डब्याला ठिगळ आहे, उजवं चाक लंगडतं, डावं अजून गातं. खांबाच्या बुंध्याशी ती जुनी गाठ तशीच आहे, तिला कुणी हात लावत नाही. ठिणगी दर रविवारी येतो. माझ्याशी फारसा बोलत नाही, पण काम झालं की आठवणीने मला खोलीत नेऊन ठेवतो आणि दार लावल्यावर एकदा कुलूप ओढून बघतो.

मला तेच बघवत नाही. मावशीने जे पाहिलं ते तिने सांगितलं. दादा माझ्यापाशी हसला आणि काय म्हणाला, ते फक्त मी ऐकलं, आणि मला तोंड नाही. तुम्हाला आहे. पलीकडे पाठमोरा उभा आहे ना, हाताला फक्की लागलेला, तोच तो. जाताना ताजी रेघ ओलांडून जा, आणि त्याला एवढंच सांगा. दादा रागावलेला नव्हता. तो म्हणाला होता, "बरं झालं त्याने तुला बाहेर ठेवलं."