साडेसव्वीस फूट

इतिहासाच्या बाईंचा नियम साधा होता. नववीच्या प्रत्येक प्रकल्पाला दोन आधार हवेत, एक कागद आणि एक तोंड. कागद म्हणजे जुनं दप्तर, पत्र, फोटो, हाताला लागेल ते. तोंड म्हणजे ते दिवस डोळ्यांनी पाहिलेलं जिवंत माणूस. कागद आणि तोंड एकच बोलले, की मार्क पैकीच्या पैकी.

आता त्या गावात सांगण्याजोगी गोष्ट घडली होती ती एकच, त्रेचाळीस वर्षांपूर्वीचा पूर. त्यामुळे दर वर्षी निम्मा वर्ग पुरावर तुटून पडायचा. कागदही तयार होता. पाणीखात्याच्या नोंदवहीतल्या त्या दिवसाच्या पानाची झेरॉक्स बाईंच्या कपाटातच असे. आणि तोंड? ते गावातल्या तिसऱ्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, सून आणि मुलाबरोबर राहत होतं. त्याला सगळे फूटपट्टी आजोबा म्हणत.

फूटपट्टी आजोबांनी पाणीखात्यात चौतीस वर्षं काढली. नदीकाठी एक चौकी, समोर पाण्यात उभी केलेली उंच मापपट्टी, आणि सकाळपासून रात्री आठपर्यंत दर तासाला तिच्यावरचा आकडा वहीत उतरवून खाली सही ठोकायची. काम एवढंच, पण चुकवायचं नाही. मुलं यायची म्हटलं, की आजोबा इस्त्रीचा सदरा घालत, बिस्किटांचा डबा पुढे ओढत आणि सुरू होत. गोष्ट सांगता सांगता आवाज खाली आणून ते म्हणत, "चौकी हलत होती, दार हलत होतं, पण हातातलं पेन हललं नाही!"

मुलं हे वाक्य जसंच्या तसं उतरवून घेत. स्वयंपाकघरातून सुनेचा आवाज येई, "बाबा, आज पेन जरा लवकर आलं. अजून पाणी पायरीलासुद्धा लागलं नव्हतं!"

"तू तुझी भाजी बघ," आजोबा म्हणत. पण खूश असत. बायको गेल्यापासून त्यांची विचारपूस करायला येणारं दुसरं होतंच कोण? आणि प्रदर्शनाच्या दिवशी शाळेत पहिल्या रांगेतली खुर्ची त्यांचीच असे.

त्या वर्षी बुधवारी दुपारी एक मुलगी एकटीच आली. गवंड्याची पोर. वर्गात तिला प्रश्नपत्रिका म्हणत, आणि का म्हणत ते आजोबांना पाच मिनिटांत कळलं. तिनं बिस्किटाला हात लावला नाही. आधी झेरॉक्स काढून टेबलावर पसरली.

"आजोबा, हे सगळं तुमचंच अक्षर ना?"

"मग? माझी सही आहे की खाली."

"म्हणजे कागदही तुम्ही आणि तोंडही तुम्हीच."

आजोबा हसले. "काटकसर म्हणतात याला!"

ती हसली नाही. तिनं पेन्सिलीच्या टोकानं आकडे दाखवले. "सकाळी दहा वाजता एकवीस फूट तीन इंच. मग एकवीस दहा. मग बावीस एक. बावीस अकरा. दोन वाजता साडेतेवीस. पाणी कधी तीन इंच चढतं, कधी दहा. आणि इथे बघा, तीन वाजल्यापासून चोवीस, साडेचोवीस, पंचवीस, साडेपंचवीस, सव्वीस, साडेसव्वीस. दर तासाला बरोबर सहा इंच. पूर जिना चढल्यासारखा चढलाय."

"पाण्याचं काय सांगावं, पोरी."

"आणि दोन वाजेपर्यंतची शाई सगळी फासलीय. बोटांचे ओले ठसे आहेत. शेवटच्या सहा ओळींवर एक डाग नाही. पूर वाढत होता ना आजोबा? मग हात कोरडे कसे झाले?"

स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली.

आजोबांनी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं. "तू प्रकल्प करतेयस की खटला चालवतेयस?"

मुलीचे कान लाल झाले, पण जागची हलली नाही. खाली बघत तिनं सांगितलं. तिची चुलत आजी घाटाजवळच्या घरात राहते. परवा तिथलं जुनं कपाट सरकवलं, तर मागच्या भिंतीला रंगच नव्हता, पुराच्या गाळाची रेघ तशीच होती. तिच्या वडिलांनी पाणी भरलेली पारदर्शक नळी लावून, गवंडी लोक पाया सारखा करताना लावतात तशी, ती रेघ शाळेच्या भिंतीवरच्या लाल रेघेशी ताडून पाहिली. गाळाची रेघ दोन फूट वर निघाली.

शाळेच्या भिंतीवरची लाल रेघ आजोबांच्याच आकड्यावरून मारलेली होती. पूर ओसरल्यावर लोकांनी आपापल्या भिंती धुऊन रंगवून टाकल्या, आणि चार महिन्यांनी साहेब लोक रेघ मारायला आले तेव्हा विचारायला उरली ती फक्त वही.

"बालवाडीची नवी इमारत बांधतायत ना नदीच्या बाजूला," मुलगी म्हणाली, "तिचा चौथरा लाल रेघेच्या वर फक्त एक फूट धरलाय. बाबाच बांधतायत. ते म्हणाले, कागदावर साडेसव्वीस आहे तोवर साहेब माझ्या नळीला काय विचारणार?" मग हळूच, "शनिवारी प्रकल्प द्यायचाय. खरं काय ते सांगायला तुम्ही नाही म्हणालात तर मी तुमचं पेनाचं वाक्यच लिहीन. बाकीच्यांसारखं."

"विचार करून सांगतो," आजोबा म्हणाले. त्रेचाळीस वर्षांत तेवढा एक विचार त्यांनी शिताफीनं टाळला होता.

ती गेल्यावर सून हात पुसत बाहेर आली आणि समोर बसली. काही विचारलं नाही. तिचं न विचारणं विचारण्यापेक्षा भारी असे.

"तुझा नवरा तेव्हा वीस दिवसांचा होता," आजोबा म्हणाले. "दोनची नोंद केली आणि चौकीची मागची भिंत गेली. मी वही बगलेत मारून पळालो. घरी आलो, ही माडीवर पोराला घेऊन बसली होती. मी तिच्याशेजारी बसलो तो सकाळपर्यंत हललोच नाही. खिडकीसुद्धा उघडली नाही. सकाळी साहेब वही मागायला आले. वहीतले सहा रकाने रिकामे. कोरं पान दिसलं तर नोकरी जाते. बसलो आणि भरली."

"मग? पोराबायकोसाठी पळालात. त्यात लाज कसली?"

"पळालो त्याची नाही गं. भरली त्याची. आणि नंतर पोरांना सांगत बसलो, त्याची."

सून उठता उठता म्हणाली, "दर वर्षी तुमचं ते पेन ऐकून माझे कान किटलेत. यंदा दुसरं काहीतरी सांगा. सदरा मी इस्त्री करून ठेवते."

शनिवारी शाळेच्या सभागृहात नेहमीप्रमाणे तक्ते लागले होते. बाईंनी आजोबांच्या हातात माईक दिला. पहिल्या रांगेतली पोरं ओठ हलवायला तयार होती. आजोबांनी सकाळचे आकडे सांगितले, वारा सांगितला, चौकी सांगितली.

"चौकी हलत होती, दार हलत होतं," ते म्हणाले, आणि पोरं एका सुरात ओरडली, "पण हातातलं पेन हललं नाही!"

"पेन चौकीत नव्हतंच," आजोबा म्हणाले. "ते माझ्या खिशात होतं आणि मी घरी होतो. तीन ते आठचे आकडे मी दुसऱ्या दिवशी मनानं लिहिलेत."

पोरांना वाटलं गंमत आहे, दोघं-तिघं हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या तक्त्यांकडे पाहिलं. चौदा तक्ते होते, चौदांवर साडेसव्वीस फूट. आणि त्याआधीच्या अकरा वर्षांचे तक्ते कपाटात. "काका," त्या शेवटी म्हणाल्या, "मी या सगळ्यांना पैकीच्या पैकी दिलेत हो."

"मलाही बढती दिली होती खात्यानं," आजोबा म्हणाले.

मागून गवंडी उभा राहिला. सिमेंटचे हात धुऊन आला होता, पण नखांत राहिलंच होतं. "आजोबा, मग पाणी आलं होतं किती?"

"मला ठाऊक नाही, बाबा. मी बघितलंच नाही. तुझ्या नळीनं मोजलंय ते धर."

"माझ्या धरण्यानं चौथरा वाढत नाही. सोमवारी साहेब येणारेत. तुमचं हे बोलणं कागदावर द्या, सहीनिशी."

प्रश्नपत्रिकेनं झेरॉक्स पुढे केली आणि स्वतःचं शाईचं पेन दिलं. आजोबा टेबलाशी बसले. त्यांनी पहिल्या रिकाम्या जागेत, चोवीसच्या अलीकडे, बारीक अक्षरात लिहिलं, 'अंदाजे'. मग साडेचोवीसच्या अलीकडे. एक शब्द सहा वेळा लिहायला त्यांना बराच वेळ लागला. पोरं कंटाळून तक्त्यांकडे पांगली, सून मात्र खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. साडेसव्वीसपाशी आल्यावर घामेजला तळहात कागदाला लागला आणि शाई फासली.

आजोबांनी रुमाल काढला.

"राहू दे आजोबा," प्रश्नपत्रिका म्हणाली, "पुसू नका. आता सही करा."