एक दाणा

"बाहेरचा कोवळा कापू नको वं सिंधू. आतला म्हातारा काप. बेट बाहेरच्या अंगानं वाढते."

मायचा हा आवाज सिंधूताईंच्या कानात अजून तसाच होता. लग्नानंतरच्या आखाडात माय उमरेडजवळच्या गावाहून सक्करदऱ्याला लेकीच्या सासरी आली ती मांडीवर ओलं गोणपाट घेऊन. आत माहेरच्या बांबूचा कंद. त्यांच्या घरची रीतच होती ती, लेक गेली की बेटाचा एक तुकडा तिच्या मागून जायचा. मोरीचं पाणी वाहतं तिथं मायनं खड्डा खणला, शेणखत टाकलं आणि कंद रोवताना गुणगुणली,

माहेराचा कंद माह्या ओच्यात मावला,
सासरच्या मातीत त्यानं पाय वं रोवला.

कंदाचं बेट झालं. पावसाळ्यात वास्ते निघायचे, त्या कोवळ्या कोंबांची भाजी आळीभर जायची. माय गेली, बेट राहिलं. सिंधूताई त्याच्याशी बोलायच्या, आणि कोणी हसलं तर हसू द्यायच्या.

यंदा माघात बेटाची सारी पानं गळाली आणि पेरापेराला गव्हाच्या ओंब्यांसारखे तुरे लोंबले. बेट वाळतंय म्हणून सिंधूताई घाबरल्या. मागच्या साली नातवाच्या बारशाचा मांडव घालताना मांडववाल्यानं बाहेरचे कोवळे बांबू तोडले होते आणि त्या आत पुऱ्या तळत होत्या. त्याचंच हे, त्यांनी ठरवूनच टाकलं.

सून प्रीती हिंगण्याहून कंपनीच्या बसनं घरी आली, तिनं फोनवर शोधून सांगितलं की चूक कोणाचीच नाही. बांबू म्हणजे गवतच, भात-गव्हाच्या जातीचं. जन्मात एकदा फुलतं आणि फुललं की मरतं.

"गहू दरसाल मरते," सिंधूताई म्हणाल्या, "पण गव्हाले कोणी माय म्हणते का?"

प्रीती पुढचं वाचणार, तोवर त्या उठून गेल्या होत्या. वेळूच्या टोकाला विळा बांधून त्यांनी एकूणएक तुरा उतरवला, म्हणजे जोर परत मुळाकडं जाईल. तुरे चुलीत घातले. बुडाशी ताक ओतलं, आंघोळीचं पाणी वळवलं. बेट वाऱ्यात नुसतं खडखडत राहिलं.

मग एकच आस उरली. माहेरचं मूळ बेट होतंच की, तिथून नवा कंद आणायचा. भाऊ आनंदराव फोनवर टाळत होता. जमीन टणक झाली, पाणी पडू दे, म्हणायचा. मायचं बेट राखता आलं नाही याची लाज वाटून, आपलं बेट फुललं हे मात्र त्यांनी त्याला सांगितलं नाही. कंद पाहिजे, एवढंच. शेवटी त्या न विचारताच एस.टी.त बसल्या.

आनंदरावानं चहा पाजला, जेवू घातलं, गाईचं वासरू दाखवलं. सक्करदऱ्यात माती मिळत नाही का वं, म्हणून चिडवलंही. घरामागं मात्र नेईना. कंद खणायला सिंधूताईंनी स्वतःच सब्बल उचलली आणि मागं गेल्या.

मागं मोकळी जागा होती. मधोमध काळी राख, आणि करपलेली खुंटं.

आनंदराव पायानं माती उकरत बोलू लागला.

"मागच्या साली फुललं. दाण्यांवर उंदरं तुटून पडली, म्हणून मी सारं पेटवलं. मग फॉरेस्टवाला भेटला. म्हणे, दाणे ठेवले असते तं रोपं झाली असती. तुह्या जिवाले घोर नको म्हणून बोललो नाही वं." तो थोडा सावरला. "पण तुह्यं तं त्याच कंदाचं आहे, त्याच वयाचं. आज ना उद्या फुलनच. तवा दाणे ठेवजो. त्याच आशेवर बसून राहिलो मी."

सिंधूताईंच्या हातातली सब्बल हळूच जमिनीला टेकली.

"माह्यं फुललं गा दादा," त्या म्हणाल्या. "एक दाणा नाही ठेवला मी."