भिंतीजवळचा आजार

दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. चपला दाराबाहेर, मोबाईल टोपलीत आणि शंका पोटात ठेवून माणसं गाद्यांवर बसली होती. स्पंदनगुरूंनी पितळी वाटीवर हलकेच टोला दिला आणि खोली घुमू लागली. तो घुमारा नुसता कानांत थांबेना. बरगड्यांत शिरला, दातांत उतरला. भिंतीजवळचा एक आडदांड गवंडी छाती धरून रडू लागला.

"रडू दे!" गुरू म्हणाले. "नाद आजार शोधतो, सापडला की ठोकतो. आजारच नसेल तर ठोकेल कशाला? आणि एकदा सुरू झालेला नाद काम संपल्याशिवाय थांबत नाही!"

हा नाद आहे की हवालदार, असं दाराशी उभ्या असलेल्या, कानाच्या डॉक्टरच्या मनात आलं. पण हसायची सोय नव्हती, कारण मधल्या मानाच्या गादीवर तिची आई बसली होती.

आईच्या हृदयाचे ठोके चुकत. गोळ्यांवर सगळं नीट चाललं होतं. मग ती इथे येऊ लागली. गुरूंच्या आज्ञेने तिची गादी भिंतीपासून ओळीओळीने पुढे सरकत गेली, तसा नादाचा छातीतला दणका कमी झाला आणि मध्यावर पार थांबला. "बरी झालीस, माई," गुरूंनी जाहीर केलं. आईने गोळ्या बंद केल्या. आता जिना चढताना ती दोनदा टेकत होती.

"तू कानाची डॉक्टर. हृदयातलं तुला काय कळतंय?" असं म्हणून आईने लेकीला वाटेला लावलं होतं. पिकतं तिथे विकत नाही, हेच खरं. लेक रडली, भांडली, अबोला धरून बसली. आई ढिम्म.

गुरूंनी दिलेलं आसन सोडलं की साधना भंगते, हा इथला कडक नियम. त्यामुळे पुढे सरकलेलं कुणी कधी मागे फिरून बसत नसे. डॉक्टरला नेमकं तेच खटकलं. कमी ऐकू येणाऱ्या मुलांना आवाज हाताने कळावा म्हणून ती दवाखान्यात फुगे ठेवायची. त्यातलाच एक तिने पर्समधून काढून फुगवला.

"हे काय, बाई?" गुरू दचकले.

"नवा पेशंट," असं म्हणत तिने फुगा गवंड्याच्या हातात दिला. फुगा थरथरू लागला. "अरेरे, याला हृदयविकार दिसतोय!" लोक खुदकन हसले. मग तिने तोच फुगा आईच्या हातात दिला. फुगा गप्प. "आणि इथे येताच खडखडीत बरा!"

"तो निर्जीव आहे! नाद फक्त जिवंत माणसाला ओळखतो!" गुरू गरजले.

"मग आई, तू चल भिंतीजवळ."

"माई, आसन सोडू नका! केलेलं सगळं मातीत जाईल!"

आई दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. ही आता नाही म्हणणार आणि आपण हिला गमावून बसणार, या विचाराने लेकीचे डोळे भरून आले. "एकदाच गं, आई. माझ्यासाठी."

आई गुडघ्यावर हात टेकून उठली. भिंतीला पाठ लावताच छातीत दणका बसला. "जा रे, तू माझ्या गादीवर बस," तिने गवंड्याला सांगितलं.

गवंडी मध्यावर जाऊन बसला आणि चक्रावला. "अहो, इथे तर काहीच लागत नाही!"

मग कोण ऐकतंय! अख्खं दालन उठून जागा बदलू लागलं. गुरूंना नाद थांबवताही येईना. काम संपल्याशिवाय तो थांबत नाही, हे स्वतःच सांगून बसले होते. त्या रेटारेटीत गुरूंच्या मागचा पडदा खाली आला. पडद्याआड कपाटाएवढे दोन स्पीकर उभे होते आणि त्यांची वायर गुरूंच्या गादीखालच्या बटणापर्यंत आली होती.

"जाड आवाज बंद खोलीत भिंतींवर आपटून परत फिरतो," डॉक्टर म्हणाली. "भिंतीजवळ त्याचा दाब वाढतो. मध्यावर जाणारी आणि येणारी लाट एकमेकींना मारून टाकतात. तुमचा आजार कुठेही गेला नाही. फक्त गादी सरकली."

"पूर्वी मी हेच कलादालनात वाजवायचो," गुरू पडेल आवाजात म्हणाले. "लोकांना पोटात गुदगुल्या व्हायच्या. हसत घरी जायचे. पाया कुणी पडत नव्हतं."

"मग तेच करा की परत! मी तिकीट काढून येईन. आवाज तुमचा अस्सल आहे, त्यावरची बडबड खोटी."

आई मात्र गुरूंकडे बघतही नव्हती. ती खोलीकडे वळून म्हणाली, "कुणी कुणी औषधं बंद केलीत? लाजू नका." आणि स्वतःचा हात वर केला. एकेक करत इतके हात वर आले की डॉक्टरच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

चमत्कार बघून थक्क व्हायला हरकत नाही. पण नमस्कार करण्याआधी उठा, दुसऱ्या जागेवर जाऊन बसा, आणि तिथेही तो घडतो का ते बघा. तोवर औषध सोडू नका.