टाकीतली हडळ

खिंडीतल्या चढावर जीप बंद पडली की लोक तेव्हा मेकॅनिकला बोलवत नसत, नारळ शोधत. सत्त्याण्णव सालातली गोष्ट. वडाखाली ही गर्दी जमलेली. लावणीला निघालेले मजूर, टोपल्या घेतलेल्या बाया, आणि मधोमध बोनेट उघडून उभी असलेली धनराजची फोरव्हील जीप. देवळाली कॅम्पात लष्करानं लिलावात काढलेली ही गाडी त्यानं मोठ्या हौसेनं घेतली होती. चिखल असो की ओढा, चारही चाकांना जोर लावला की घोटीपासून वरच्या पाड्यांपर्यंत ती कुठं म्हणून अडत नसे. अडायला लागली ती शेंदरीबाबा खिंडीत येऊन बसल्यापासून आणि येत्या-जात्या गाड्यांच्या टाकीला अपघात टाळणारं 'कवच' घालायला लागल्यापासून.

"हटा, हटा! टाकीत बसलीया ती!" बाबा ओरडला. "पेट्रोल पिऊन सुस्तावलीया हडळ! आता बाहेर निघंल, कुणी म्होरं थांबू नका!"

त्यानं टाकीचं झाकण फिरवलं. 'स्सूऽऽ' असा लांब सुस्कारा ऐकू आला आणि गर्दी भेदरून मागे सरकली. सुस्कारा चालू असतानाच बाबानं टाकीच्या तोंडाशी भस्म भुरभुरवलं, झाकण घट्ट लावलं आणि त्यावर शेंदूर-मेणाचा जाड लेप थापला. "हे कवच पुन्हा घातलं. मार स्टार्टर!"

थोडी घरघर करून जीप सुरू झाली. लोकांनी जयजयकार केला. हडळीला पेट्रोल परवडतं कसं, हा प्रश्न कुणालाच पडला नाही.

"पर ती पुन्हा येनार, धनराज," बाबानं आवाज खाली आणला आणि पुढच्या सीटकडे बोट केलं. "हिच्या पदराला धरून चढतीया ती गाडीत. बाईला माहेरी धाड, गाडी पळंल."

पुढच्या सीटवर धनराजची बायको ललिता बसली होती. वरच्या पाड्यावर ती अंगणवाडीताई होती आणि रोज याच जीपनं जायची. सगळ्या नजरा तिच्यावर वळल्या. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. आता हा बाबाला चार शब्द सुनावेल, असं तिला मनापासून वाटलं. धनराज मान खाली घालून स्टिअरिंग पुसत राहिला.

त्याची खात्री पटवली होती बारकूनं. बारकू म्हणजे घोटीतला गॅरेजवाला, धनराजचा शाळेपासूनचा जिवलग. भाऊबीजेला ललिताच त्याला ओवाळायची. महिनाभर गाडी त्याच्या हाताखाली होती. "पंप चोख हाय, फिल्टर साफ हाय, कार्बोरेटर मी सोता खोलून धुतलाय," असं तो हात पुसत म्हणाला होता. "टाकीत पेट्रोल असून पुढं येत नाय म्हंजे हे आपल्या हातातलं नाय, धना. बाबा सांगतो तसं कर." मेकॅनिकनंच हात टेकले, तर ड्रायव्हरनं कुणाचं ऐकायचं?

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत ललिता खिचडीसाठी तेलाचा नवा डबा उपडा करत होती. धार बारीक झाली, अडखळली आणि थांबली.

"ताई, ध्यान कुठं हाय तुमचं?" स्वयंपाकाच्या गोजराबाई हसल्या. "दुसरं भोक पाडा की! हवा आत गेल्याबिगर तेल भाईर येतंय व्हय?"

ललितानं खिळा ठोकला. 'स्सू' असा आवाज झाला आणि धार मोकळी पडायला लागली. तिचा हात तिथंच थबकला. हाच तो हडळीचा सुस्कारा! आणि बाबानं टाकीच्या तोंडाशी टाकलेलं भस्म? ते बाहेर उडालंच नव्हतं, आत गेलं होतं. तिनं स्वतः पाहिलं होतं.

संध्याकाळी तिनं केसातला आकडा काढून झाकणावरचा शेंदूर खरवडला. लेपाखाली टाचणीच्या डोक्याएवढं भोक निघालं, मेणानं गच्च बुजलेलं. ती धावत घरात आली आणि धनराजला सगळं सांगितलं.

"बारकूपेक्षा तुला जास्ती कळतं का?" तो म्हणाला. "उद्या तुला माहेरी सोडतो. पिशवी भरून ठेव."

माहेर खिंडीपलीकडे, त्र्यंबकच्या अंगाला. ललितानं पिशवी भरली. वाद घातला नाही, पण सकाळी निघण्याआधी ते भोक आकड्यानं साफ मोकळं केलं.

चढ लागला तसा धनराजला घाम फुटला. जीप मात्र एकदाही आचका न देता थेट वडापाशी आली. तिथं त्र्यंबकच्या वाटेवर माणसं नेणाऱ्या लहानूची जीप अडलेली होती, तिच्यातल्या बाया खाली उतरून उभ्या होत्या, बाबा नारळ घेऊन तयार होता आणि शेजारी चक्क बारकू उभा होता.

"गाडी थांबवा," ललिता म्हणाली आणि खाली उतरली. "लहानूदादा, तुमचं झाकण मी उघडते."

"हात लावू नको! भस्म होशील!"

"झाले तर तुमचंच नाव होईल, बाबा." तिनं पदराचं टोक झाकणाजवळ धरलं आणि झाकण फिरवलं. सुस्कारा निघाला तसं पदराचं टोक आत ओढलं गेलं. "हडळ बाहेर पडली, मग पदर आत कसा गेला? सांगा ना!"

बाबा मंत्र पुटपुटायला लागला. ललिता बायांकडे वळली. "तेलाच्या डब्याला आपण दोन भोकं कशाला पाडतो? तसंच हे. पेट्रोल खर्च होतं तेवढी हवा आत यायला झाकणाला भोक असतं. बाबांचं कवच तेच बुजवतं. खालच्या पंपावर टाकी भरून निघालं की इथवर येईतो आत हवा उरत नाही, इंजिनाच्या पंपाला पेट्रोल ओढवत नाही. त्यात चढावर इंजिनाला जास्त लागतं, म्हणून गाडी इथंच अडते. बाबांनी हीच जागा का धरली, कळलं ना?"

लहानूनं लेप खरवडून काढला, भोक मोकळं केलं, स्टार्टर मारला. जीप नारळाशिवाय सुरू झाली. बाबानं झोळी उचलली होती, पण बायांनीच त्याची वाट अडवली.

धनराज बारकूसमोर जाऊन उभा राहिला. "तुला ठाऊक व्हतं?"

"गाडी चालू झाली की 'एकदा तपासून घ्या' म्हणून बाबा माझ्या गॅरेजला गिऱ्हाईक धाडायचा, धना," बारकू म्हणाला. "वहिनींचं नाव घ्यायचं मात्र ठरलं नव्हतं."

धनराजचा हात वर उठला आणि तसाच खाली आला. त्याला रडू फुटलं.

"गाडीला हार घाला, पूजा करा, माझं काही म्हणणं नाही," ललिता लोकांना म्हणाली. "पण ती थांबली तर कारण शोधा. नाहीच सापडलं, तर अजून सापडलं नाही एवढंच म्हणा. म्हणून कुणा बाईकडे बोट दाखवू नका. आणि कुणी दाखवलंच, तर त्याला आधी पुरावा मागा."

धनराजनं डोळे पुसले. "चुकलं माझं. चल घरी."

ललितानं जीपमधली पिशवी काढली. "बारकूनं तुम्हाला फसवलं. मला तुम्ही फसवलंत. गाडीचा नट न् नट तपासून घेतलात, आणि मी सांगितलेलं झाकण एकदा बघावंसं वाटलं नाही तुम्हाला."

लहानूची जीप त्र्यंबककडेच निघाली होती. ललिता मागं बायांमध्ये जाऊन बसली आणि तिनं लहानूला गाडी काढायला सांगितलं.