एक तुकडा कमी

क्लेव्ह मॅबरीने खुर्ची मागे सरकवली आणि उजवा पाय टेबलाखाली सरळ लांब केला. गुडघा दुमडून बसलं की दहा मिनिटांत ठणका सुरू होई. तीन तास गाडी चालवून आल्यावर तर पाचच मिनिटांत. मिस व्हर्नेलने ते पाहिलं आणि त्याच्या ताटात कोंबडीचा आणखी एक तुकडा वाढला, वर रस्सा ओतला.

“पुरे, मिस व्हर्नेल.”

“पुरे कशाला? कॉलेज तुम्हाला जेवायला घालत नाही हे अंगावरून दिसतंय, कोच.”

तो हसला. दोन वर्षांत या स्वयंपाकघरातली ही त्याची सहावी फेरी. मिस व्हर्नेल पिकेट शाळेची बस चालवायची, आणि तिचा मुलगा आयझाया अमेरिकन फुटबॉलचा चेंडू काखेत मारून असा पळायचा, की जॉर्जियातल्या अकरा कॉलेजांची माणसं तिच्या दारात गाड्या लावून गेली होती. कुठल्या कॉलेजकडून खेळणार, त्याच्या कागदांवर मुलं बुधवारी सह्या करणार होती. आयझायाने कुठल्या कागदावर करायची, हे आयझाया नव्हे, ही बाई ठरवणार होती.

मॅबरीच्या बाजूने एकच गोष्ट होती. बाईने त्याला खेळताना पाहिलं होतं. मॅबरी ज्या कॉलेजसाठी तेव्हा खेळायचा आणि आता मुलं आणायचा, त्याच्याच बँडमध्ये ती क्लॅरिनेट वाजवायची. चौतीस नंबरचा मॅबरी गुडघा धरून पडला, त्याला उचलून नेलं, आणि अर्ध्या तासाने तोच मॅबरी पळत मैदानात आला, तेव्हा तिनेही हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या होत्या. त्या अर्ध्या तासात काय झालं ते त्याने पहिल्याच भेटीत तिला सांगितलं होतं. गुडघ्यात सुई टोचली होती. दुखणं थांबलं आणि गुडघा कायमचा गेला. सुई टोचायला लावली होती ड्वाइट हॉलोमनने. तेव्हा तो तरुण कोच होता. आता मुख्य कोच झाला होता, आणि मॅबरी त्याचा सहायक.

“आणि त्याच्याच हाताखाली राबता?” तिने तेव्हा विचारलं होतं.

“माझा खेळ संपल्यावर त्याच्याशिवाय कुणी दार उघडलं नाही. पण तुमच्या मुलाला सुई टोचू देणार नाही. मी तिथे उभा असेन.”

त्यावर तिने मुलगा त्याच्याकडेच पाठवायचा शब्द दिला होता.

दार उघडलं होतं खरं, पण सोळा वर्षांत मॅबरी उंबऱ्याच्या आत काही सरकला नव्हता. मुलांना विमानतळावरून आणायचं, त्यांच्या आयांच्या हातचं जेवायचं, बैठकीत सगळ्यात शेवटच्या खुर्चीत बसायचं. क्लेव्ह मिठाला जागणारा माणूस आहे, असं हॉलोमन चारचौघांत म्हणायचा. मॅबरीला ते ऐकून बरं वाटायचं, आणि बरं वाटतं याची अलीकडे चीड यायची.

शनिवारी हॉलोमनने त्याला बोलावून दार लावून घेतलं होतं. तो कॉलेज सोडून चालला होता. टेक्सासातलं मोठं कॉलेज, तिप्पट पगार, गुरुवारी जाहीर होणार. तोवर कुणाला वास लागता कामा नये. ‘पिकेटबाईला सांग, मी कुठे जात नाही. एवढं चोख कर, तिकडे तुझी खुर्ची धरून ठेवतो.’ मॅबरी सेहेचाळीस वर्षांचा होता. दुसरी खुर्ची त्याला कुणी देणार नव्हतं.

मिस व्हर्नेलने ताट उचललं आणि केक पुढे ठेवला. काचेच्या झाकणाखाली एक तुकडा आधीच कापलेला होता.

“आयझायाला धीर निघाला नाही वाटतं,” मॅबरी म्हणाला.

“आयझाया सकाळी सहालाच गेलाय. अजून आला नाही.” तिने सुरी हातात घेतली, पण केक कापला नाही. “एकच विचारते, कोच. हॉलोमन राहणार ना?”

मॅबरीने कागदी रुमालाची घडी घातली. मग तिची आणखी एक घडी घातली.

“लोकांना काय, तोंड आहे म्हणून बोलतात. कुठे जातोय तो?”

“वाटतंय, की ठाऊक आहे?”

“ठाऊक आहे.”

“आणि तुम्ही?”

“जिथे तो, तिथे मी.” हे तरी खरं आहे, असं त्याला वाटलं.

मिस व्हर्नेलने सुरी खाली ठेवली.

“हा तुकडा त्याने खाल्ला. आज सकाळी, याच खुर्चीत बसून. टेक्सासला निघालोय म्हणाला. बुधवारी सही करू नका, पोराला माझ्याकडे तिकडे पाठवा. मी विचारलं, मग क्लेव्हचं काय? तर म्हणे, क्लेव्ह इथलाच आहे, इथेच बरा. तिकडच्या सहायकाच्या जागेवर स्वतःच्या जावयाला घेतलंय त्याने.”

मॅबरीने रुमाल टेबलावर ठेवला.

“मग मला कशाला पाठवलं?”

“इथल्या कॉलेजला संशय येऊ नये म्हणून. तो तसं बोलला नाही. पण मी बस चालवते, मला आरशात मागचं सगळं दिसतं.” ती त्याच्यासमोर बसली. “मीही ऐकून घेतलं नाही. म्हटलं, क्लेव्ह जाईल तिथे माझा पोरगा जाईल, जावयाला बसवा घरी. तोंड वाकडं केलं, पण कबूल झाला. संध्याकाळी फोन करून सांगते म्हटलं. मला फक्त एवढंच बघायचं होतं, क्लेव्ह, की तू माझ्या तोंडावर खरं बोलतोस का.”

मॅबरीने टेबलाखालचा पाय ओढून घेतला.

“मिस व्हर्नेल, मी...”

“तू उभा असशील रे. ते खोटं नव्हतं. माझ्या पोराला सुई टोचतील, तेव्हा तू तिथेच उभा असशील, आणि गप्प असशील.” तिचा आवाज चढला नाही. “दोघांपैकी कुणाकडेच पाठवत नाही मी त्याला.”

तिने केकचा एक तुकडा कापला, चंदेरी कागदात गुंडाळला आणि त्याच्या हातात दिला. घरी आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवायची तिची रीत नव्हती. मॅबरी टेबलाला धरून उठला.

“पायऱ्या जपून उतर,” ती म्हणाली.

गाडीत बसतो न बसतो तोच फोन वाजला. हॉलोमन होता.

“काय म्हणाली?”

“केक दिला,” मॅबरी म्हणाला.



“चांगला करते,” हॉलोमन म्हणाला.

“हो, कोच,” मॅबरी म्हणाला.